मानसशास्त्राचा पदवी-विद्यार्थी : क्लार्क विद्यापीठाच्या इतिहासातील एक उपेक्षित दुवा

प्रस्तावना

मानसशास्त्राचा इतिहास सामान्यतः प्रयोगशाळा, सिद्धान्त आणि संप्रदाय यांच्या क्रमाने लिहिला जातो. पदवी वर्गातील विद्यार्थ्याला त्यात क्वचितच स्थान मिळते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील वुस्टर (मॅसॅच्युसेट्स) येथील क्लार्क या लहान खाजगी विद्यापीठाच्या आधारे या विद्यार्थ्याचा विचार केला आहे.

संस्थापक आणि अध्यक्ष यांतील मतभेद

व्यापारी जोनास क्लार्क यांनी १८८७ मध्ये विद्यापीठाची स्थापना केली. परिसरातील तरुणांना पदवी शिक्षण मिळावे, ही त्यांची इच्छा होती. पहिले अध्यक्ष, मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅनली हॉल यांना मात्र केवळ संशोधनपर उच्च शिक्षण अभिप्रेत होते. १८८९ मध्ये विद्यापीठ सुरू झाले ते हॉल यांच्या कल्पनेनुसार. जुलै १८९२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेची स्थापना येथेच झाली. परंतु संस्थापकाने आर्थिक साहाय्य आखडते घेतले होते आणि त्याच वर्षी बहुसंख्य अध्यापक संस्था सोडून गेले. त्यांतील अनेक नव्या शिकागो विद्यापीठात दाखल झाले.

क्लार्क यांचे १९०० मध्ये निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९०२ मध्ये पदवी महाविद्यालय उघडले. त्याचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता आणि अध्यक्षही हॉल नव्हे, तर कॅरोल राइट होते. १९०९ मध्ये हॉल यांच्या निमंत्रणावरून सिग्मंड फ्रॉइड यांनी विद्यापीठात पाच व्याख्याने दिली. क्लार्कचे नाव जगभर झाले ते या व्याख्यानांमुळे. महाविद्यालयाची दखल फारशी कोणी घेतली नाही.

पदवीच्या दारातून आलेला विद्यार्थी

फ्रान्सिस सम्नर हे कृष्णवर्णीय तरुण लिंकन विद्यापीठाची पदवी घेऊन १९१५ मध्ये क्लार्क येथे आले. १९१६ मध्ये त्यांनी येथे इंग्रजी विषयात दुसरी पदवी संपादन केली. पुढे हॉल यांच्या मार्गदर्शनाखाली, मध्यंतरी सैन्यात सेवा करून, १९२० मध्ये त्यांनी फ्रॉइड व अ‍ॅडलर यांच्या मनोविश्लेषणावरील प्रबंध पूर्ण केला. मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन होत.

१९२८ मध्ये सम्नर वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात रुजू झाले. हेही खाजगी विद्यापीठच. तेथे वैद्यकाकडे जाऊ इच्छिणारा केनेथ क्लार्क हा विद्यार्थी त्यांच्या वर्गामुळे मानसशास्त्राकडे वळला व १९३५ मध्ये पदवीधर झाला. गणिताचा अभ्यास करणाऱ्या मेमी फिप्स यांनीही हॉवर्ड येथेच मानसशास्त्र स्वीकारून १९३८ मध्ये पदवी मिळवली. वंशभेदाचा बालमनावर होणारा परिणाम या दांपत्याने बाहुल्यांच्या प्रयोगांतून दाखवला. शाळांतील वंशविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालात केनेथ क्लार्क यांच्या अभ्यासाचा निर्देश आहे. १९७१ मध्ये, हॉल यांनी स्थापलेल्या त्याच संघटनेचे ते अध्यक्ष झाले.

निष्कर्ष

हॉल यांचे संशोधन-केंद्र नसते तर सम्नर यांना पीएच.डी. मिळाली नसती, हे मान्य करावे लागते. तथापि क्लार्क येथे सम्नर यांना पहिला प्रवेश मिळाला तो ज्या पदवी वर्गात, तो हॉल यांना नको होता. आणि मानसशास्त्राचा ठसा न्यायव्यवस्थेवर उमटवणारे विद्यार्थी घडले तेही पदवीच्याच वर्गात. पदवीचे अध्यापन हे संशोधनापेक्षा दुय्यम काम मानण्याची प्रवृत्ती आजही दिसते. उपरोक्त इतिहास तिला दुजोरा देत नाही.