दोन वॉर्डांचा हिशोब



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. आमच्यातल्या एक काकू लेकीचं बाळंतपण उरकून नुकत्याच परतल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सगळं नीट झालं, पण एक गोष्ट मनात राहिली. तपासायला आलेल्या बाई शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीला तपासून तशाच माझ्या पोरीकडे आल्या. हात धुतले नाहीत. मला दिसत होतं, पण बोलू कशी? एवढ्या शिकलेल्या माणसाला हात धुवा म्हणायचं?"

आम्ही सगळ्या गप्प झालो. ही वेळ प्रत्येकीवर कधी ना कधी आलेलीच होती. म्हणून आज हात धुण्याचा इतिहास सांगायला बसलो आहोत. तो सुरू होतो खूप लांब, युरोपातल्या व्हिएन्ना शहरात. पण त्यातल्या बायका आपल्यासारख्याच होत्या.

व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. पहिल्या वॉर्डात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात सुईणीचं काम शिकणाऱ्या बायका. भरतीचे दिवस आळीपाळीने ठरलेले. येणाऱ्या बायका बहुतेक गरीब. फुकट उपचार मिळायचे, म्हणून त्या येत.

आता हिशोब ऐका. १८४६ साली पहिल्या वॉर्डात ४,०१० बाळंतपणं झाली आणि ४५९ बायका दगावल्या, म्हणजे शंभरात अकरा. दुसऱ्या वॉर्डात ३,७५४ बाळंतपणं झाली आणि १०५ बायका गेल्या, म्हणजे शंभरात तीनसुद्धा नाहीत. दवाखाना एकच, गाव एकच, हवापाणी एकच. पण बाळंतपणानंतर ताप भरायचा, पोट फुगायचं आणि चार-आठ दिवसांत बाई जायची, हे पहिल्या वॉर्डात कितीतरी जास्त.

ही गोष्ट शहरातल्या बायकांना पक्की ठाऊक होती. पहिल्या वॉर्डाचा दिवस निघाला की त्या हात जोडून, गुडघे टेकून विनवायच्या, "आम्हाला तिकडे नको." काही जणी तर वाटेतच बाळंत व्हायच्या आणि मग दवाखान्यात यायच्या. नवल म्हणजे रस्त्यावर बाळंत झालेल्या या बायकांना तो ताप कमी यायचा. कारण बायकांना सांगता येत नव्हतं, पण धोका कुठे आहे ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. त्यांना विचारलं मात्र कोणी नाही. मोठे डॉक्टर म्हणत, हवाच दूषित आहे, त्याला कोण काय करणार?

त्या वॉर्डात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा हंगेरीचा तरुण डॉक्टर होता. त्याला हे पटेना. हवा दूषित असेल तर ती शेजारच्या वॉर्डात का जात नाही? त्याने दोन्ही वॉर्डांतला एकेक फरक तपासायला घेतला. दुसऱ्या वॉर्डात बायकांना कुशीवर निजवून बाळंत करत, तसं करून पाहिलं. मरणाऱ्या बाईसाठी पाद्री घंटा वाजवत यायचा, त्याने बाकीच्या धास्तावत असतील म्हणून घंटा बंद करवली. काही उपयोग झाला नाही.

मग १८४७ च्या मार्च महिन्यात त्याचे एक सहकारी वारले. पोस्टमार्टम करताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या शरीरात जे बिघाड दिसले, ते बाळंतिणींच्या शरीरात दिसायचे तसेच होते. तेव्हा सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. विद्यार्थी सकाळी प्रेतं कापायचे आणि तेच हात घेऊन बाळंतिणींना तपासायला यायचे. साबणाने धुतले तरी हाताला वास राहायचा. सुईणी प्रेतांना हात लावत नव्हत्या. फरक होता तो हातांचा.

मे महिन्यात त्याने नियम केला, वॉर्डात शिरण्याआधी प्रत्येकाने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे. आपल्या ग्रामपंचायतीत पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकतात ना, त्याच जातीची ही पावडर. एप्रिलमध्ये त्या वॉर्डात शंभरातल्या अठरा बायका दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण शंभरात दोनवर आलं. पुढच्या वर्षी मार्च महिन्यात तर एकही बाई दगावली नाही.

मध्येच एकदा घात झाला. पहिल्या खाटेवर गर्भाशयाच्या कॅन्सरची एक रुग्ण होती. तिला तपासून डॉक्टर पुढच्या बायकांकडे गेले. त्या बारा जणींपैकी अकरा गेल्या. वॉर्डात शिरताना हात पावडरीच्या पाण्याने धुतले होते, पण एका खाटेवरून दुसरीकडे जाताना नाही. तेव्हा कळलं की फक्त प्रेताचा प्रश्न नाही, जिवंत माणसाकडूनही रोग हातावरून जातो. म्हणून प्रत्येक रुग्णाआधी हात धुवायचे. आमच्या काकूंना त्या दिवशी जे खटकलं, ते हेच.

आता कोणालाही वाटेल, एवढा ढळढळीत हिशोब पाहिल्यावर सगळे डॉक्टर हात धुवायला लागले असतील. तसं झालं नाही. हे मानायचं म्हणजे इतकी वर्षं आपल्याच हातून बायका गेल्या हे मानावं लागणार होतं. अमेरिकेतले एक मोठे डॉक्टर तर म्हणत, डॉक्टर सभ्य घरातले असतात, त्यांचे हात स्वच्छच असतात. सेमेलवाइसने मात्र स्वतःच्या हातून झालेलं लपवलं नाही. पण त्याचा स्वभाव तापट. आपलं म्हणणं त्याने वेळेवर नीट लिहून काढलं नाही आणि पुढे विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी म्हणू लागला. व्हिएन्नातली नोकरी तर १८४९ मध्येच गेली होती. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात, वयाच्या ४७ व्या वर्षी, जखम चिघळून तो वारला. लुई पाश्चरने या तापाचे जंतू दाखवून दिले ते १८७९ साली. तोपर्यंत किती आया गेल्या असतील!

आपल्याकडेही हा धडा गावोगावी पोचला तो बायकांच्याच हातांनी. दाईंच्या प्रशिक्षणात पाच स्वच्छता शिकवत: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ. पहिला नंबर हातांचा. आज आशाताई बाळाला बघायला घरी येते, तेव्हा आधी पाणी आणि साबण मागते. ते तिच्या शिक्षणातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ पासून दवाखान्यांसाठी पाच वेळा सांगितल्या आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, स्वच्छ काम करण्याआधी, रक्त-घाण लागल्यावर, रुग्णाला तपासल्यावर आणि त्याच्या खाटेला, सामानाला हात लावल्यावर.

तरी हात धुणं राहून का जातं? आम्ही पाहतो, एका सिस्टरच्या मागे किती खाटा असतात. नळाला पाणी नसतं, साबण संपलेला असतो. म्हणून नुसतं बोट दाखवून भागणार नाही. गावाच्या आरोग्य समितीत आपल्यातल्या बायका असतात. उपकेंद्रात पाणी आणि साबण आहे का, हा प्रश्न त्यांनी दर बैठकीत विचारावा. आणि आपलंही बघू. एसटीतून उतरून आलेली आत्या आधी बाळाला घेते, हात नंतर धुते. सुरुवात घरातूनही करायची आहे.

त्या दिवशी चहा झाल्यावर आम्ही एक गोष्ट केली. एकेकीने उभं राहून मोठ्याने म्हणून पाहिलं, "सिस्टर, आमच्या पोरीला तपासण्याआधी हात धुता का? मी पाणी घालते." पहिल्यांदा सगळ्या हसल्या. कोणाचा आवाज बारीक निघाला, कोणी 'सिस्टर'पाशीच अडली. काकूंनी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज अगदी स्वच्छ होता.

व्हिएन्नातल्या बायकांना विनवावं लागलं, रस्त्यात बाळंत व्हावं लागलं. आपल्याला एवढं एक वाक्य बोलायचं आहे. तुमच्या पुढच्या बैठकीत तुम्हीही म्हणून बघा.