गवताखालची नांगरट

डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थच्या उद्यानात मी शक्यतो हिवाळ्यात, ऊन कलल्यावर जातो. कॅल्टन लीझहून डर्वेंट नदीच्या काठाने वर चालत गेलं की आधी पडकी गिरणी लागते, मग महालाजवळचा तीन कमानींचा दगडी पूल. पुढे एन्सर गाव आणि तिथून टेकडी चढून, कॅल्टन हाउसेसवरून पुन्हा खाली नदीकडे. वाटेत मेंढ्या, हरणं, मोकळ्यावर एकेकटे डेरेदार वृक्ष. सारं निसर्गानेच मांडून ठेवलंय असं वाटतं.

पण तिरप्या उन्हात एन्सरजवळच्या उतारावर गवताखालून लांबलचक वरंबे वर येतात. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला ते ओळखू येतातच. ही मध्ययुगातली नांगरट. बैलांची लांब रांग बांधाशी वळवायची तर वळण आधीच धरावं लागे. अशा जुन्या शेतांच्या तासांना म्हणूनच बाक असतो. पुढे इथे कुरण झालं, नांगर पुन्हा फिरला नाही, आणि वरंबे राहिले.

1760च्या दशकात महालाचे मालक असलेल्या चौथ्या ड्यूकसाठी उद्यानरचनाकार ‘कॅपॅबिलिटी’ ब्राऊनने हा देखावा घडवला. त्याने नदीचं पात्रसुद्धा बदललं. पूल जेम्स पेनचा. महालातून दिसणारी एन्सरची घरं नजरेआड करायचं काम तेव्हा सुरू झालं आणि 1838नंतर सहाव्या ड्यूकने ते पुरं केलं. जोसेफ पॅक्स्टनच्या देखरेखीखाली नवं गाव उभं राहिलं, कुठे स्विस, कुठे इटालियन, कुठे ट्यूडर घाटाचं. घरं देखणी आहेत, हे मान्यच. तरी माझा पाय रेंगाळतो तो रस्त्यापलीकडे एकट्या उरलेल्या जुन्या घरापाशी. बाकीचं गाव तिथेच होतं.

इथून वायव्येला किंडर स्काउटचं माळरान आहे. तेही एकेकाळी ड्यूकच्याच मालकीचं होतं, ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं. 24 एप्रिल 1932 रोजी बेनी रॉथमन आणि शेकडो कामगार तरुण प्रवेशबंदी मोडून त्यावर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. 2002मध्ये, सत्तराव्या स्मरणदिनी, अकराव्या ड्यूकने तिथे येऊन जाहीर माफी मागितली. ते मला फार मोलाचं वाटतं. एन्सरच्या उठवलेल्या घरांसाठीही कुणीतरी असं चारचौघांत बोलावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.