अल्कली धातू : रासायनिक विक्रिया

लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम व फ्रान्सियम हा आवर्त सारणीतील पहिल्या गणाचा धातुसमूह. यांच्या अणूच्या बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो व तो देऊन टाकण्याची प्रवृत्ती इतकी प्रबळ असते की, हे धातू निसर्गात मुक्त स्थितीत आढळत नाहीत. हंफ्री डेव्ही यांनी १८०७ साली विद्युत् अपघटनाने पोटॅशियम व सोडियम प्रथम वेगळे केले.

विक्रिया : पाण्याशी संयोग होताच हायड्रॉक्साइड बनून हायड्रोजन वायू सुटतो, लिथियमच्या बाबतीत हे संथपणे घडते, सोडियमच्या बाबतीत वेगाने, आणि पोटॅशियमच्या बाबतीत उष्णता एवढी असते की सुटलेला वायू जांभळट ज्योतीने पेटतो. म्हणून सोडियम व पोटॅशियम रॉकेलात बुडवून ठेवतात. हवेत जाळल्यास लिथियमचे मुख्यत्वे ऑक्साइड, सोडियमचे पेरॉक्साइड व पोटॅशियमचे सुपरऑक्साइड होते. क्लोरिनशी सोडियमचा संयोग होऊन आपल्या नित्याच्या आहारातील मीठ सिद्ध होते.

प्रवरा खोऱ्यातील प्रत्यय : इलेक्ट्रॉन गमावलेला सोडियम आयनरूपात शांत असला, तरी जमिनीत तो निरुपद्रवी राहतोच असे नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली उसाची बागाईत विस्तारली; परंतु निचरा मंद असलेल्या भारी काळ्या जमिनीस जेथे पाणी बेसुमार दिले गेले, तेथे भूजलपातळी वर येऊन बाष्पीभवनाने क्षार पृष्ठभागी साचले. मातीच्या कणांवरील विनिमयक्षम सोडियम शेकडा १५ हून अधिक व सामू ८.५ हून अधिक झाल्यास जमिनीस चोपण म्हणतात. अशा जमिनीतील चिकणमातीचे कण विलग होऊन छिद्रे बुजवतात. त्यामुळे पाणी मुरत नाही, ओलीत पाय रुततो आणि वाळल्यावर ढेकळे दगडासारखी कठीण होतात.

उपाय : जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सोडियम सल्फेट पाण्यात विरघळते. जिप्समचे प्रमाण माती परीक्षणाने ठरवावे, ताग किंवा धैंचा यांचे हिरवळीचे खत गाडावे आणि, सर्वांत अगत्याचे म्हणजे, आधी चर खोदून निचरा मोकळा करावा. कारण सुटलेल्या सोडियमला शेताबाहेर वाट न मिळाल्यास जिप्समवरील खर्च व्यर्थ जातो.