झिलई कोणाच्या हाताची?

होळकरांच्या इंदूरचा इतिहास वर्गात शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने मला विचारलेला प्रश्न अद्याप माझ्या मनातून गेलेला नाही. दुसरे यशवंतराव होळकर यांच्या मोटारींविषयी मी रंगात येऊन सांगत होतो. तोच एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, त्या गाड्या पुसत कोण असे?” वर्ग हसला, मीही हसलो. मागाहून कळले की, त्याचे वडील आमच्याच भागात पहाटे उठून वीस-पंचवीस मोटारी पुसतात. मग माझे हसू माझे मलाच टोचू लागले. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला उशिराने दिलेले उत्तर होय.

1926 साली तिसऱ्या तुकोजीरावांनी गादी सोडली आणि यशवंतराव लहान वयातच महाराज झाले. ऑक्सफर्डला शिकलेल्या या राजाची दृष्टी पूर्णपणे आधुनिक होती. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून त्यांनी 1930 ते 1933 या काळात माणिकबाग राजवाडा सजवून घेतला. मोटारींचा तर त्यांना विलक्षण षोक. त्यांतील सर्वांत गाजलेली म्हणजे अमेरिकन बनावटीची ड्यूसेनबर्ग. तिचा सांगाडा व आठ सिलिंडरांचे यंत्र अमेरिकेतले; वरचा देह लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने घडविलेला; आणि रंग नारिंगी व काळा. मालव्याच्या उन्हात ती लांबलचक गाडी कशी झळकत असेल, याची कल्पना आपण सहज करू शकतो. परंतु ती झळाळी गाडीबरोबर लंडनहून आली आणि आपोआप टिकून राहिली, असे मात्र नव्हे. ती येथे रोज नव्याने निर्माण करावी लागे. का, ते पाहू.

बग्ग्यांच्या काळात गाडी रंगविणे हे मोठ्या चिकाटीचे काम असे. लाकडावर प्रथम अस्तराचे हात द्यायचे. प्रत्येक हात वाळला की प्युमिस दगडाने पाण्यात घासून तो सपाट करायचा. त्यावर रंगाचे हात, आणि सर्वांवर जवसाचे तेल व राळ यांचे वार्निश. एक गाडी रंगून बाहेर पडायला आठवडेच्या आठवडे लागत. आरंभीच्या मोटारींनी हीच रीत वारशाने घेतली. पहिल्या महायुद्धानंतर मात्र चित्र पालटले. ड्यू पाँ या स्फोटक द्रव्ये बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीने 1923 च्या सुमारास ‘ड्यूको’ हे नवे रोगण बाजारात आणले. कापसावर तीव्र आम्लांची प्रक्रिया करून मिळणारे नायट्रोसेल्युलोज हा त्याचा पाया. ज्या द्रव्याने तोफा धडधडल्या, त्याच कुळातले हे रोगण आता मोटारींना नटवू लागले! ते काही तासांत वाळे आणि त्यात हवे ते रंग मिळत. 1924 च्या ओकलंड मोटारी या रोगणाने रंगून बाहेर पडल्या आणि रस्त्यांवर रंगांची पंचमी सुरू झाली. या जातीच्या रोगणाला इंग्रजीत लॅकर म्हणतात. हा शब्द आपल्या लाखेपासून निघून पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात पोहोचला, ही गंमतही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या रोगणात लाखेचा मात्र कणही नसे.

परंतु या द्रुतगती रोगणात एक उणीव होती. ते वाळे खरे, पण मंद दिसे. अत्यंत बारीक घर्षणद्रव्याने घासल्याखेरीज त्याला तेज चढत नसे. आणि चढलेले तेजही उन्हापावसात राहिले की पांढुरक्या भुकटीसारखे विटून जाई. म्हणून पुन्हा घासणे आणि पुन्हा मेण लावणे आलेच.

येथे झिलई म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. पृष्ठभाग खडबडीत असला की त्यावर पडणारा प्रकाश दाही दिशांना विखुरतो. तो सपाट असला की प्रकाश एकाच दिशेने परततो आणि आपल्याला आपला चेहरा दिसतो. म्हणजे झिलई ही वरून चढविण्याची वस्तू नव्हे. खडबडीतपणा काढून टाकल्यावर जे उरते, ती झिलई. आपल्या पूर्वजांना हे मर्म ठाऊक होते. पोथीचा कागद गुळगुळीत दगडाने घोटून घेतला, म्हणजे त्यावर बोरू अडखळत नसे. ‘घोटीव’ या आपल्या शब्दात हे सारे शास्त्र साठवले आहे. मेणाचे काम त्यानंतरचे. ते मुख्यतः आलेल्या तेजाचे पाणी, धूळ व ऊन यांपासून रक्षण करते. आमच्या चर्चमध्ये वेदीवरील मेणबत्ती मधमाश्यांच्या मेणाची असावी, अशी जुनी परंपरा आहे. परंतु ते मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळते, आणि वैशाखातल्या मोटारीचा पत्रा त्या तापमानाच्या जवळपास सहज जातो. ब्राझीलमधील ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांवर मिळणारे कार्नोबा मेण 80 अंशांच्या पुढेच वितळते आणि कठीणही असते. मोटारीच्या मेणात त्याला मानाचे स्थान मिळाले, ते याच गुणांमुळे.

आता पुन्हा माणिकबागेकडे वळू. त्या वास्तूत झळकणारी आणखी एक वस्तू होती. ब्रांकुसी या पॅरिसवासी रुमानियन शिल्पकाराचे ‘अवकाशातील पक्षी’ हे झिलई दिलेले ब्राँझचे शिल्प महाराजांनी 1933 साली घेतले. पुढे त्याच पक्ष्याच्या काळ्या व पांढऱ्या संगमरवरातील दोन प्रतिमाही घेतल्या. ब्राँझ ओतून झाले म्हणजे आपले काम संपले, असे ब्रांकुसी मानीत नसे. ओतीव कामाचा खडबडीतपणा तो कानशीने आणि बारीक पॉलिश कागदाने स्वतःच्या हातांनी घासून काढी, तेव्हा कुठे तो पक्षी आरशासारखा उजळे. याच मालिकेतील एक पक्षी 1926 साली अमेरिकेत पोहोचला, तेव्हा तेथील जकात अधिकाऱ्यांनी तो साधी धातूची वस्तू ठरवून त्यावर कर मागितला. खटला चालला आणि 1928 साली न्यायालयाने त्याला कलाकृती मानले. काळाचा विनोद असा की, ज्या माणिकबागेत त्याचे भाईबंद विराजमान होते, तेथे पुढे केंद्रीय अबकारी खात्याचे कार्यालय आले! महाराजांच्या संग्रहातील ब्राँझचा पक्षी आता अमेरिकेतील पॅसाडीनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आणि संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियातील कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत.

श्रोतेहो, एकाच धन्याच्या पदरी या दोन वस्तू होत्या. पक्षी उजळविणाऱ्या हातांचे नाव जगाला ठाऊक आहे. मोटारीचा सांगाडा कोणाचा, देह कोणी घडविला, मालक कोण, हेही ग्रंथांत सविस्तर सापडते. परंतु धूळ झाडून, फडके पिळून, मेण घोटून ती गाडी रोज उजळविणाऱ्या क्लीनरचे नाव माझ्या वाचनात कोठेही आलेले नाही. कष्ट तेच आणि फिरणारा हातही तसाच. एकाची कला झाली, दुसऱ्याची चाकरी.

1948 साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. 1961 साली यशवंतराव निवर्तले. पुढे उत्तरपाड्याची अँबॅसिडर आणि कुर्ल्याची फियाट मध्यमवर्गाच्या दारी आली, आणि सुटीच्या दिवशी धनीच फडके घेऊन मोटारीभोवती फिरू लागला. मीही त्यांतलाच एक. माझी जुनी, लहानशी गाडी. मेणाची डबी आणली, कोरडे फडके घेतले आणि धुळीने भरलेला पत्रा जोरजोराने गोल गोल पुसू लागलो. उन्हात पाहतो, तो कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उठलेले! धुळीतील वाळूचे कण मीच माझ्या हाताने रंगावर घासले होते.

हे मला समजावून सांगितले, ते त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी. “मास्तर, आधी भरपूर पाणी,” ते म्हणाले, “धूळ वाहून जाऊ द्या, मग हात लावा.” गाडी सावलीत उभी करावी, वरून खाली धुवावे, कारण खालचा भाग सर्वांत मळका, साबणाची बादली वेगळी आणि फडके विसळण्याची वेगळी, पत्रा टिपून कोरडा करावा, घासण्याचे पॉलिश जेथे ओरखडा आहे तेथेच व बेताने, आणि मेणाचा हात अगदी पातळ, एका वेळी एकाच भागावर, ते सुकून धूसर दिसू लागले, की स्वच्छ मऊ फडक्याने हलकेच पुसून घ्यावे. जाड थराने तेज वाढत नाही, फक्त पुसण्याचे कष्ट वाढतात. आजच्या मोटारींवर रंगाच्या वर पारदर्शक रोगणाचा थर असतो. तो साधारणपणे माणसाच्या केसाहूनही पातळ, म्हणून घासण्याचा अतिरेक केल्यास झिलईच्या नादात झिलईचे घरच झिजून जाते. आणि वेळ? मालव्याची रात्र पूर्वीपासून नावाजलेली आहे. या कामाला मात्र पत्रा निवल्यावरची संध्याकाळच उत्तम.

हे सारे ज्ञान त्या गृहस्थांना कोणत्या पुस्तकाने दिले नव्हते; ते त्यांच्या बोटांत होते. 2017 साली आपले इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले आणि पुढेही वर्षानुवर्षे तो मान त्याने राखला. त्या लौकिकामागेही असेच पहाटे उठणारे हात आहेत. आपण झळाळी पाहतो आणि मालकाचे नाव विचारतो.

यंदा होळकरांचा धडा शिकविताना मी त्या मोटारीपाशी थांबलो आणि म्हणालो, “ही गाडी रोज पुसणारी माणसे होती. त्यांची नावे आपल्या पुस्तकात नाहीत. पण त्यांच्यावाचून ती इतकी झळकली नसती.” मग त्या मुलाला पुढे बोलावून, मोटार कशी पुसावी, हे वर्गाला सांगायला लावले. तो न अडखळता बोलला. या वेळी कोणी हसले नाही.