क्वांटम नेटवर्कमधला नोड नेमकं काय करतो?

'क्वांटम इंटरनेट म्हणजे सुपरफास्ट इंटरनेट' असे फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतात. ते चुकीचे आहेत. हे नेटवर्क वेगासाठी नाही, मुख्यतः गुप्ततेसाठी आहे.

समजा, परभणी ते मुंबई अशी सुमारे 500 किमीची फायबर लाईन आहे. चांगल्या फायबरमध्येही 100 किमीनंतर 100 पैकी एखादाच फोटॉन शिल्लक राहतो. 500 किमीला हे प्रमाण 1000 कोटींत एक! साध्या इंटरनेटसारखा मध्ये सिग्नल वाढवताही येत नाही, कारण अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नाही.

मग उपाय काय? मध्ये नोड बसवायचे. सोयीसाठी एकच धरू, जालना.

आज वापरात असलेल्या बहुतेक लांब लाईनींवर मधल्या केंद्रात गुप्त किल्ली उघडी होते. चीनच्या 2017 सालच्या बीजिंग–शांघाय लाईनवर अशी 32 केंद्रं आहेत. म्हणजे जालन्याच्या केंद्रात कोणी फितूर झालं, की गुपित फुटलंच.

यावर 1993 साली सुचवलेली युक्ती म्हणजे 'एंटँगलमेंट स्वॅपिंग'. जालन्याकडे दोन क्यूबिट असतात. एक परभणीच्या क्यूबिटशी गुंतलेला, दुसरा मुंबईच्या. जालना या दोघांचं एकत्र मोजमाप करतं (याला बेल मोजमाप म्हणतात). त्याबरोबर परभणी आणि मुंबईचे क्यूबिट एकमेकांशी गुंततात, कधीही भेट न होता!

मोजमापाचे निकाल चार प्रकारचे असतात. आलेला निकाल, म्हणजे फक्त दोन बिट, जालना साध्या इंटरनेटवरून मुंबईला कळवतं. त्यानुसार मुंबई आपला क्यूबिट फिरवते, किंवा तसाच ठेवते. निरोप येईपर्यंत तो मेमरीत सांभाळावा लागतो, आणि खरी अडचण इथेच आहे. शिवाय निरोप प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही, म्हणून 'सुपरफास्ट'चा दावा टिकत नाही.

जोडी खराब निघाली तर? दोन्ही टोकं दोन कच्च्या जोड्या घेतात, एक मोजून खर्ची घालतात आणि निकाल जुळला तर दुसरी ठेवतात. ती आता जास्त भरवशाची असते. काही जोड्या नुसत्या तपासणीसाठीही वापरतात. जालन्याने लबाडी केली तर ती इथे पकडली जाते.

प्रत्येक नोड फक्त हातातल्या क्यूबिटवर काम करतो, हे यातलं विशेष. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी 2022 मध्ये तीन नोडच्या नेटवर्कवर, थेट न जोडलेल्या दोन नोडमध्ये क्वांटम माहिती पोहोचवून दाखवली. भारताच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला (मंजुरी एप्रिल 2023, तरतूद 6003.65 कोटी रुपये) क्वांटम मेमरी असलेलं अनेक नोडचं नेटवर्क उभारायचं आहे.