मधले नाव, आडनाव आणि कोतवाल बुक

बाळाला नाव सुचविणारी संकेतस्थळे आता मराठी घरांतही उघडली जातात. यांतली बरीचशी इंग्रजी वळणाची आहेत. एका चौकटीत आडनाव टाकावे. मग त्या आडनावाशी नादाने, अक्षरसंख्येने जुळणारी मधली नावे यंत्र समोर ठेवते. आद्याक्षरे एकत्र वाचल्यास एखादा ओशाळवाणा शब्द तर तयार होत नाही ना, हेही ते पाहते. सोय चांगली आहे, परंतु मराठी बापाला तिचा काडीचाही उपयोग नाही. आपल्याकडे मधले नाव निवडायचे नसते. ते आधीच ठरलेले असते, कारण ते त्या बापाचेच असते. आडनाव तर त्याच्याही आधीचे. म्हणजे मूल जन्मते तेव्हा मधले नाव आणि आडनाव ही जोडी तयार असते. रिकामी असते ती पहिली जागा. इंग्रजी यंत्र जे शोधते ते आपल्याकडे दिलेले आहे आणि आपण जे शोधतो ते त्याने गृहीत धरलेले आहे.

पाश्चात्त्यांचे मधले नाव ही तशी अलीकडची हौस आहे. अमेरिकेच्या पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी एकालाही मधले नाव नव्हते. सहावे जॉन क्विन्सी ॲडम्स यांना ते होते, आणि तेही आईकडच्या घराण्यातून आलेले. हॅरी एस. ट्रुमन यांच्या नावातील 'एस' हे अक्षर तर कशाचेच संक्षिप्त रूप नव्हते. मधली जागा शोभेची असली की असे चालून जाते. आपल्याकडे ती जागा हयात वा दिवंगत अशा एका खऱ्या माणसाची असते. सचिन तेंडुलकरच्या प्रत्येक धावफलकावर 'एस. आर.' छापले गेले. जगभरच्या प्रेक्षकांना ते त्याचेच दुसरे नाव वाटले असेल. वस्तुतः तो 'आर' म्हणजे कवी आणि मराठीचे प्राध्यापक रमेश तेंडुलकर होत. मराठी कवीचे आद्याक्षर इतक्या वेळा इतक्या देशांत क्वचितच छापले गेले असेल.

ही तिपेडी रचना मात्र अनादी नाही. सातवाहन राजे आईच्या नावाने ओळख सांगत : गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. लीळाचरित्रातील माणसे पाहावीत. म्हाइंभट, सारंगपंडित, महदाइसा, बाइसा यांच्या नावांत नाते आहे, आदर आहे, व्यवसाय आहे. आजच्या अर्थाचे आडनाव नाही. शिवाजी महाराजांच्या संस्कृत मुद्रेतही ते शहाजीचे पुत्र असल्याचा उल्लेख आहे, 'भोसले' हा शब्द नाही. पेशव्यांच्या नावांत तर ही परंपरा साखळीसारखी दिसते : बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव, माधवराव बल्लाळ. एकाचे पहिले नाव पुढच्याचे दुसरे होते. 'बल्लाळ' म्हणजे बाळाजीच, हे ठाऊक असले की ही वंशावळ नुसत्या नावांवरून मांडता येते. नाना फडणीस कागदोपत्री बाळाजी जनार्दन होते. घराण्याचे भट किंवा भानू हे आडनाव लोकांना माहीत होते, पण सहीसाठी त्याची गरज भासत नसे. थोडक्यात, बापाचे नाव हा ओळखीचा जुना आणि भक्कम भाग आहे. आडनाव हा त्यामानाने सैल भाग होय. गावावरून, वतनावरून, धंद्यावरून ते पडे आणि त्याच कारणांनी बदले.

जुन्या मोडी कागदांत या दोन नावांमध्ये एक सांधा असे. रघूजी बिन बिंबाजी, अमुक वलद तमुक. 'बिन' आणि 'वलद' हे दोन्ही शब्द अरबी मुळाचे, फार्सी दप्तरातून मराठीत आलेले. पत्नीसाठी 'कोम' किंवा 'जौजे', विधवेसाठी 'बेवा'. सामान्यतः ब्राह्मणाच्या वा कारकुनी पेशातल्या माणसाच्या नावापुढे बापाचे नाव जोडशब्दावाचून येई; कुणबी, मराठा, बलुतेदार यांच्या नावांत हा सांधा स्पष्ट लिहिला जाई. पुढे इंग्रजी आमदानीत छापील तक्ते आले आणि सांधा गळून सर्वांचीच नावे सरळ तीन शब्दांची झाली. आमच्या मते या गळतीत एक प्रकारची समानता आली, पण एक माहिती हरवली. 'वलद' असेपर्यंत मधला शब्द बापाचा आहे याबद्दल कोणाही परक्याला शंका नसे. तो गेला आणि मधले नाव हे त्या माणसाचेच दुसरे नाव आहे असे समजायला वाट मोकळी झाली.

ही वाट कोठवर जाते, हे २०१८ साली दिसले. उत्तर प्रदेश शासनाने मार्च महिन्यात आदेश काढला की सरकारी दप्तरांत बाबासाहेबांचे नाव 'भीमराव रामजी आंबेडकर' असे लिहावे. त्यामागे तेव्हाचे राज्यपाल राम नाईक यांचा पाठपुरावा होता आणि आधार होता तो संविधानाच्या हिंदी प्रतीवरील बाबासाहेबांच्या स्वाक्षरीचा. तेथे वाद उठला. त्यामागे रामनामाचे राजकारण आहे, अशी शंका घेतली गेली. त्या राजकारणाचा हिशेब वेगळा. परंतु मराठी वाचकाला 'रामजी' म्हणजे सुभेदार रामजी सकपाळ, एवढेच त्यातून ऐकू येते. याच नावातली दुसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हा विद्यार्थी दाखल झाला. बापाचे आडनाव सकपाळ, मुलाचे आंबेडकर. पिढी एक, मधले नाव अचल, आडनाव बदललेले.

याच्या नेमके उलट उदाहरण दत्तकाचे. वि. स. खांडेकर जन्माने गणेश आत्माराम. चुलत्याकडे दत्तक गेले आणि विष्णु सखाराम झाले. कुसुमाग्रज जन्माने गजानन रंगनाथ. दत्तकविधीनंतर विष्णू वामन. मराठीला ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या पहिल्या दोन लेखकांची पहिली आणि मधली, दोन्ही नावे बालपणीच्या कागदावर वेगळी होती. आडनाव तेवढे राहिले, कारण दत्तक घरच्या घरात झाले. नावे जुळवणारे एखादे यंत्र गणेश आत्माराम आणि विष्णु सखाराम हे एकच गृहस्थ असल्याचे कधीही सांगणार नाही. ते सांगायला घरची माणसे लागतात, नाहीतर दत्तकपत्र.

हा सारा इतिहास आम्हांला मनोरंजक वाटला असता आणि तेथेच संपला असता. परंतु महागाव तालुक्यात तो दरवर्षी जून-जुलैत मुलांच्या हातातल्या कागदांवर जिवंत होतो. पुसद, उमरखेड, महागाव हा पैनगंगेच्या अलीकडचा वऱ्हाडाचा दक्षिण टोकाचा मुलूख. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता, मग वणी जिल्ह्याला जोडला गेला आणि त्या जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. एका गावचे कागद कधी या ठाण्याला, कधी त्या ठाण्याला गेले. कापडाच्या बस्त्यांतून त्यांची नक्कल मिळवणे ही स्वतंत्र विद्या आहे.

या मुलखात बंजारा तांड्यांची संख्या मोठी आहे. तांड्यात राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे अशी मोजकीच आडनावे असतात. ती खरे तर गोत्रे आहेत. त्यांचे मुख्य काम लग्न कोठे जुळू शकते आणि कोठे नाही हे सांगण्याचे. माणसे वेगळी ओळखण्याचे नव्हे. ते काम मधले नाव करते. वर्गात आठ राठोड असतील तर हजेरी बापाच्या नावावर चालते. शिवाय 'नाईक' हे तांड्याच्या प्रमुखाचे पद; तेच पुढे काही घरांचे आडनाव झाले. याच परिसरातल्या गहुली येथे १९१३ साली जन्मलेले आणि १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव फुलसिंग नाईक हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. पदाचे आडनाव होणे देशमुख-कुलकर्ण्यांच्या घरीही घडले. तांड्यात ते उशिरा घडले आणि म्हणून कागदात सापडते.

आता जातपडताळणीचे पाहू. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख मानली जाते, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा पुरावा हवा, आणि २००१ च्या २३ व्या अधिनियमाने सिद्धतेचा भार अर्जदारावर ठेवला आहे. हा पुरावा विदर्भात बहुधा दोन ठिकाणी असतो : शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आणि कोतवाल बुकात. कोतवाल बुक म्हणजे गावच्या कोतवालाने ठेवलेली जन्ममृत्यूची वही. तिच्यात पुष्कळदा बाळाचे नावच नसते. समजा, 'थावरा वलद हरी यास मुलगा' एवढीच नोंद आहे. बारशाआधी लिहिलेल्या नोंदीत नाव कोठून असणार? आडनाव नाही. जात आहे. मग नातीला दाखवायचे असते की हा थावरा म्हणजे आपल्या आजोबांचे मधले नाव, ज्याला नोंदीत नुसते 'मुलगा' म्हटले आहे ते आपले आजोबा आणि या सर्वांचे आडनाव राठोड. वंशावळीच्या शपथपत्रातली प्रत्येक कडी म्हणजे एक मधले नाव. आजोबाचे पहिले नाव बापाच्या मधल्या नावाशी जुळले, बापाचे पहिले नाव मुलीच्या मधल्या नावाशी जुळले, तर साखळी टिकली. एका ठिकाणी 'हरी'चा 'हरिसिंग' झाला की खुलासा आला.

येथे संगणक खरोखर उपयोगी पडतो. महाभूलेखवर सातबारा शोधताना गट क्रमांकाखेरीज पहिले नाव, मधील नाव, आडनाव असे वेगवेगळे पर्याय आहेत. अमरावती विभाग, यवतमाळ जिल्हा, महागाव तालुका, गाव, आणि मग 'मधील नाव' निवडून पणजोबांचे नाव टाकावे. त्या नावाचा बाप असलेले गावातले खातेदार यादीत उतरतात. आडनावाने शोधले तर अर्धा तांडा समोर येतो. मधल्या नावाने शोधले तर एक पिढी येते, सख्खे भाऊ एकत्र येतात, कधी विस्मरणात गेलेली आत्याही. वंशावळ लावणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हाच मार्ग सांगतो. मग ते भाऊ कोण, त्यांच्यापैकी कोणाच्या घरी पडताळणी झाली आहे, हे चौकशीने कळते. रक्ताच्या नात्यातल्या एकाचे प्रमाणपत्र पुढच्यासाठी मोठा आधार असते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदींचा जो शोध झाला आणि जुनी पाने संकेतस्थळांवर आली, तेव्हाही हाच पेच होता. नोंद सापडते, माणूस सापडत नाही. कारण नोंदीत 'बिन' आहे आणि आडनाव नाही.

मात्र आपोआप नावे जुळवणाऱ्या यंत्रांवर आमचा फारसा विश्वास नाही. उच्चारावरून नावे जुळवण्याची साउंडेक्स ही पद्धत १९१८ साली अमेरिकेत पेटंट झाली, इंग्रजी आडनावांसाठी. रोमन लिपीतला 'राठोड' आणि हिंदी वळणाचा 'राठोर' हे त्या पद्धतीत दोन वेगळ्या संकेतांत पडतात. 'चवान' आणि 'चव्हाण' ही दोन स्पेलिंगे एकत्र येतात, पण 'चौहान' बाहेर राहतो. तांड्यात मात्र एकाच घरात ही सगळी रूपे सापडतात, कारण प्रत्येक भावाला शाळेत घालणारे गुरुजी वेगळे होते. त्यात दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि इतर ओळखपत्रांवर शेवटी. अर्जाचे यंत्र शब्दांचा क्रम पाहते. त्याला 'राठोड' हे पहिले नाव वाटते आणि बापाचे नाव आडनाव वाटते. दोष कोणाचाही असो, शिष्यवृत्ती अडते ती मुलीची.

मुलींचा प्रश्न आणखी पुढचा आहे. लग्नानंतर तिची ही तयार जोडी एकदम बदलते. कित्येक घरांत पहिले नावही बदलते. यमुनेची आनंदी झाली, आणि 'आनंदी गोपाळ' हे पती-पत्नींच्या नावांचे जोडपे इतके रूढ झाले की श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या कादंबरीचे तेच नाव ठरले. हे सनातन आहे असे कोणी म्हणेल तर त्याला विदर्भातच उत्तर आहे. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिने आपल्या ताम्रपटांत बापाचे गुप्त कुळ आणि माहेरचे धारण गोत्र सांगितले आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यातही ओळखीसाठी बापाचे नाव, आणि जो आईचा पुत्र म्हणून ओळखला जातो त्याच्याबाबत आईचे नाव, अशी तरतूद आहे. आमच्या समजुतीप्रमाणे ती अपवादासाठी होती. नियम व्हायला शतकाहून अधिक काळ लागला.

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ११ मार्च २०२४ रोजी निर्णय केला की १ मे २०२४ रोजी वा नंतर जन्मलेल्या बाळाचे नाव स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने लिहावे. विवाहित स्त्रीबाबत पतीचे नाव लावण्याची प्रचलित पद्धत चालू ठेवण्यात आली. निर्णय आम्हांला मनापासून पटतो, आणि गौतमीपुत्राच्या प्रदेशात तो शोभतोही. पण शोधाच्या पानावर 'मधील नाव' अशी एकच चौकट आहे. आजपासून पन्नास वर्षांनी महागावातली एखादी नात आपल्या आजोबांचा कागद शोधू लागेल तेव्हा त्या चौकटीत तिने पणजीचे नाव टाकायचे की पणजोबांचे, हे ठरवावे लागेल. सध्याची मुले अजून बालवाडीच्याही अलीकडे आहेत. चौकट दुरुस्त करायला वेळ आहे.