गांडूळ, डार्विन आणि एक मिलिमीटर माती

आज जरा इतिहास सांगतो, पण तो आपल्या मातीचाच हाय.

स्कॉटलंडात जेम्स हटन नावाचा माणूस होता. शिकला डॉक्टरी, पण १७५०च्या दशकात स्वतःची शेती करू लागला. शेतातली माती पाण्याबरोबर ओढ्याला जाते आणि खालचा खडक झिजून पुन्हा माती होते, हे त्यानं पाहिलं. १७८५ साली एडिंबराच्या विद्वानांपुढं त्यानं मांडलं, की जमीन एका दणक्यात घडली नाही. आज चालू आहे तीच झीज आणि तीच भर अफाट काळ चालत आली. पुढं चार्ल्स लायेल यांनी १८३० पासून तीन खंडांत हाच विचार मांडला. त्यातला पहिला खंड तरुण डार्विननं जहाजावर सोबत नेला होता.

डार्विननं मग गांडुळं धरली. १८४२ साली घराजवळच्या गवताळ रानात त्यानं खडूचे तुकडे पसरले आणि रान तसंच ठेवलं. १८७१ साली, म्हणजे २९ वर्षांनी, चर खणला. खडूची पांढरी रेघ ७ इंच खाली सापडली! गांडुळांनी खालची माती विष्ठेवाटे वर आणून टाकली, खडू गाडला गेला. इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी गांडुळं एकरी वर्षाला १० टनांपेक्षा जास्त माती वर आणतात, असा हिशोब त्यानं १८८१ च्या पुस्तकात दिला. एवढ्याशा जिवाचं काम कुणाला दिसत नव्हतं, कारण ते रोज थोडंथोडं होतं.

आता उलटी बाजू बघा. माती जाते तीही अशीच, गुपचूप. एका एकरावरून फक्त १ मिलिमीटर थर वाहिला तर ४ घनमीटर, म्हणजे ५ टनांच्या आसपास माती गेली. डोळ्याला काहीच दिसत नाही. ओघळ पडला की आपण जागे होतो, पण त्याच्या आधी कैक वर्षं वरची कसदार माती गेलेली असते.

म्हणून उताराला आडवी पेरणी, बांधावर गवत आणि पाचट न जाळणं, ही कामं एका हंगामात फळ दाखवत नाहीत म्हणून सोडू नका.

एक सोपं काम करा. उतारावर लोखंडी गजाचे चार तुकडे ठोका, मातीच्या पातळीला खूण करा. नांगराच्या वाटेत येणार नाहीत अशी जागा निवडा. दर दसऱ्याला मोजून वहीत लिहा. पाच वर्षांनी ती वहीच सांगेल, आपली माती कुठं चाललीय.